निफाडच्या थंडीत सकाळची रपेट: तयारी आदल्या संध्याकाळपासून

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यात शेतावर राहणाऱ्या एका ताईंनी यंदा दत्तजयंतीच्या सारंगखेडा घोडेबाजारातून सहा वर्षांची मारवाडी घोडी आणली. घोडी राजस्थानातून आलेली आहे आणि अंगावर दाट केस आहेत. घरी आधीपासून एक म्हातारे तट्टू आहे. ताई नाशिकच्या क्लबात घोडेस्वारी शिकल्या आहेत आणि तिथल्या सवयीने रोज सकाळी सहाला घोडी काढतात. खोगीर चढवले की घोडी पाठ फुगवते आणि वर बसल्यावर पहिली काही मिनिटे उड्या मारते. शेजारपाजारचे सांगतात की दोन घोंगड्या घाला, गरम कोंडा द्या, गूळ चारा, पहाटे पागेत शेकोटी करा. थंडीतल्या रपेटीसाठी घोडीची आणि स्वतःची नेमकी काय तयारी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सगळ्यात आधी वेळ बदला. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि दिवसातले सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपासच असते. तुम्ही घोडी काढता तो तास सर्वांत गार आणि सर्वांत अंधारा आहे. आठच्या आधी खोगीर चढवू नका. सहाची वेळ ही उन्हाळ्याची वेळ आहे. एप्रिल-मेमध्ये ती हवीच, कारण नऊला ऊन असह्य होते. हिवाळ्यात ती पाळण्याचे काहीच कारण उरत नाही.

थंडी हे त्यातले अर्धेच कारण. सध्या ऊसतोड चालू आहे. पहाटेच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, बाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचे दिवे झाकलेले असतात आणि धुक्यात चालकाला घोडा दिसतो तेव्हा थांबायला जागा राहिलेली नसते. दुसरे म्हणजे ऊस तुटू लागला की त्यात राहणाऱ्या बिबट्याचा आडोसा मोडतो आणि तो उरलेल्या फडांमध्ये सरकतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी, तिकडे जुन्नर-शिरूर या सगळ्या पट्ट्यात ही रोजची गोष्ट आहे. तुम्हाला तो दिसणार नाही, पण घोडीला वास येईल, आणि जिला तुम्ही महिनाभरसुद्धा ओळखत नाही अशी घोडी अंधारात उधळली तर क्लबात शिकलेले काहीच उपयोगी पडत नाही. उजाडल्याशिवाय उभ्या उसाच्या कडेने जायचेच नाही. तिसरे, द्राक्षबागांमधले फवारणीचे ब्लोअर. त्यांचा आवाज घोडीला अचानक अंगावर येतो. शिवाय वाऱ्याने औषध बांधावरच्या गवतावर बसते. त्या गवताला तिला तोंड लावू देऊ नका.

आता घोंगड्यांकडे वळू. घोडीला थंडी वाजते ही कल्पना आपण आपल्या अंगावरून करतो. निरोगी, भरल्या अंगाच्या, पोटभर वैरण खाणाऱ्या घोड्याला साधारण ५ अंशांपर्यंत शरीर ऊबदार ठेवायला वेगळा खर्च करावा लागत नाही. हिवाळी केस पुरते वाढलेले असतील तर त्याहून बऱ्याच खालपर्यंत तो मजेत राहतो. हे केस थंडीमुळे कमी आणि दिवस लहान होत गेल्यामुळे जास्त वाढतात. तुमच्या घोडीचे केस राजस्थानात पावसाळा संपताच वाढायला लागले असणार. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला की ते हळूहळू गळायला सुरुवात होईल. थंडीत हे केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकते. तीच तिची झूल. तुम्ही वरून जड घोंगडी टाकली की केस दबतात आणि निसर्गाने दिलेली झूल निकामी होते. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांची तट्टे पाहा. रात्रभर उघड्या माळावर असतात, अंगावर काही नसते, आणि सकाळी बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालू लागतात.

आपल्या थंडीचा खरा त्रास वेगळा आहे. निफाडला पहाटे ५-६ अंश आणि दुपारी २७-२८ अंश असतात. एका दिवसात वीस अंशांचा फरक. पहाटे घातलेली झूल घोडी सांभाळणारा मोतद्दार अकरापर्यंत काढायला विसरला की घोडी तिच्याखाली घामाने भिजते, संध्याकाळी तोच ओलावा गार पडतो आणि मग खोकला सुरू होतो. म्हणून माझा नियम साधा आहे: कोरड्या थंडीत झूल नाही. अवकाळी पाऊस, गारपीट, भिजल्या अंगावर वारा, आजारी किंवा फार म्हातारे जनावर, एवढ्याच वेळी झूल. म्हणजे ती तुमच्या तट्टाला लागू शकते, घोडीला एरवी नाही. तट्टाच्या छातीवर आणि खांद्याच्या उंचवट्यावर झूल घासत नाही ना, ते रोज हात घालून बघा.

ऊब आतून येते, आणि ती वैरणीतून येते. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबत असतो. उकिरड्याचा खड्डा पहाटे वाफाळतो तशी त्या आंबण्याची उष्णता शरीराला रात्रभर मिळते. हे काम कडबा आणि सुके गवत करतात. हरभरा, जव किंवा ओट करत नाहीत. दाण्याने ताकद येते, पण रात्रभर पुरणारी ऊब येत नाही. थंडी वाढली म्हणून दाणा वाढवणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली आणि घोडी वैरणीवाचून मेली. उत्तरेच्या थंडीत उपाशी जनावर टिकत नाही, आणि १४ जानेवारीला लढाई उभी राहिली तेव्हा उरलेल्या घोड्यांत धावण्याचे बळ राहिले नव्हते. वैरण किती महत्त्वाची हे मराठी माणसाला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

तुमच्या घोडीचे वजन चारशे किलोच्या आत-बाहेर असेल. तिला दिवसाला ७-८ किलो कोरडी वैरण हवी, आणि त्यातला मोठा वाटा रात्री. संध्याकाळी सातला टाकलेला कडबा नऊला संपत असेल तर झोपण्याआधी आणखी टाका. कुट्टी फार बारीक करू नका. लांब चारा ती चावून खाते, लाळ सुटते आणि पोट चालते. लसूणघास या दिवसांत उत्तम मिळतो. थोडा सुकवून, कडब्यासोबत, आठवडाभरात हळूहळू वाढवत द्या. उसाचे वाढे फुकटात मिळतात म्हणून तोच मुख्य चारा करू नका. त्यातले ऑक्झलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. आणि कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे तर घोडीपासून लांबच ठेवा.

आता मुद्दा पाण्याचा. हिवाळ्यात माझी सर्वांत जास्त नजर यावर असते आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. थंडीत घोडा पाणी कमी पितो, कारण हौदातले रात्रभराचे पाणी दातांना झोंबते. त्याच वेळी हिरवे गवत संपून कोरडा कडबा सुरू झालेला असतो. कोरडा चारा वाढला, पाणी घटले की मोठ्या आतड्यात चारा घट्ट होऊन अडकतो आणि पोटशूळ उठतो. हिवाळ्यातले पोटशूळ बहुतेक असे येतात. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे पोटात जे अडकते ते पुढेच सरकावे लागते.

तुमच्या घोडीने दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी प्यायला हवे. हौदावर सोडली तर तिने किती प्यायले हे कळत नाही. थंडीचे दोन महिने बादलीने पाजा. पंधरा लिटरच्या दोन बादल्या पागेत टांगून ठेवा आणि किती उरले ते रोज पाहा. पाणी तापवत बसण्याची गरज नाही, कारण तुमच्याकडे विहीर किंवा बोअर असेलच. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर जवळपास सारखेच राहते, म्हणून पहाटे विहिरीवर वाफ दिसते. तुमच्या शेजारचे बागायतदार कडाक्याच्या थंडीत द्राक्षांना पहाटे ठिबकचे पाणी सोडतात ते याच कारणासाठी. सकाळी सात वाजता मोटर सुरू करून ते ताजे, कोमट पाणी लगेच बादलीत घ्या. हौदातल्या गार पाण्याला तोंड न लावणारी घोडी हे पाणी अर्धी बादली सहज पिते. संध्याकाळी वैरणीच्या आधी हेच पुन्हा करा.

दाण्यात रोज ३० ते ४० ग्रॅम साधे मीठ घाला. मीठ पोटात गेले की तहान लागते. मात्र मीठ घालायचे तर पाणी सतत समोर हवे. दाणा कोरडा न देता भिजवून द्या, हरभरा रात्री भिजत टाका. गरम कोंड्याबद्दल सांगायचे तर रविवारी एकदा भांडेभर गरम कोंडा आणि इतर दिवशी काहीच नाही, ही पद्धत मला मान्य नाही. घोड्याच्या पोटाला अचानक बदल सोसत नाही. कोंडा द्यायचाच असेल तर रोज एक-दोन मुठी, भरपूर पाण्यात कालवून. गुळाचा मुठीएवढा खडा कामाच्या दिवशी चालेल. तट्टू म्हातारे आणि गुबगुबीत असेल तर त्याला गूळ अजिबात नको. जाड जनावराला साखरेने खुरांचा गंभीर दाह होऊ शकतो.

लिदीवर लक्ष ठेवा. निरोगी घोडा दिवसात साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो, गोळे ओलसर असतात आणि जमिनीवर पडताच फुटतात. सकाळी पागेत लीद कमी दिसली, गोळे लहान, कोरडे, चकचकीत असले, तर त्या दिवशी रपेट नाही. पाणी आणि पायी फिरवणे, एवढेच. ती वळून कुशीकडे बघू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, सारखी बसू-उठू लागली तर चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. वाट बघताना बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल, तूप, काढा काहीही पाजू नका. ते फुप्फुसात उतरले तर पोटशुळातून वाचणारी घोडी न्यूमोनियाने जाते.

आता पाठ फुगवण्याबद्दल. तुमची घोडी खट्याळ आहे असे ठरवण्याआधी एक परीक्षा घ्या. दुपारी तीनला, अंग उन्हात तापलेले असताना, तेच खोगीर चढवा. तेव्हाही ती पाठ वर काढत असेल, तर दोष थंडीचा नाही. खोगीर टोचते आहे किंवा पाठ दुखते आहे. बाजारातून आलेल्या घोड्यांवर नाना तऱ्हेची खोगिरे चढवून दाखवलेली असतात आणि गिऱ्हाइकासमोर त्यांना नाचवलेले असते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटांनी हळूहळू दाबत मागे जा. एखाद्या जागी ती पाठ खाली ओढत असेल तर ती जागा बरी होईपर्यंत खोगीर चढवू नका. पण दुपारी ती शांत उभी राहत असेल, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटते, तर कारण गार स्नायू, गार खोगीर आणि न खर्चलेली ताकद हे आहे. यावर उपाय आहे.

खोगीर आणि तंग (खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा) रात्री पागेबाहेरच्या पडवीत ठेवू नका, घरात ठेवा. लगामाची लोखंडी कडी घालण्याआधी दोन मिनिटे मुठीत धरा. हाताला ती जितकी गार लागते त्याहून तिच्या जिभेला जास्त गार लागते, आणि दोन-चार दिवसांत ती तोंड वर करून लगाम टाळायला शिकते. मग आधी दहा मिनिटे खरारा. थंडीत खरारा स्वच्छतेसाठी कमी आणि रक्त खेळवण्यासाठी जास्त असतो. मान, खांदा, पाठ, पुठ्ठा, गोल गोल, जरा जोर लावून. दाट केसांच्या मुळाशी धूळ आणि सुकलेला घाम बसलेला असतो. तो तंगाखाली राहिला तर कातडी सोलते.

तंग एकदम आवळू नका. पहिल्यांदा खोगीर हलणार नाही एवढाच. मग घोडीला हाताने धरून दहा मिनिटे चालवा, दोन्ही बाजूंनी मोठी वळणे घ्या आणि एक भोक आवळा. परत थोडे चालवा, मग पुरता आवळा. बसायचे ते ओट्यावरून किंवा बांधावरून. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून वर चढताना सगळे वजन गार पाठीच्या एका बाजूवर येते, आणि नेमक्या त्याच क्षणी ती उडी मारते. वर बसल्यावर मांड हलकी ठेवा, लगाम सैल ठेवा आणि आणखी दहा मिनिटे साधी चाल. त्यानंतर दुडकी, उठत-बसत, पाठीवर न आदळता. मारवाडी घोडीला रवाल ही सपाट, जलद चाल येत असेल तर लोक बसल्या बसल्या तिला रवालीत घालतात, कारण बसायला सुखाची वाटते. अंग तापेपर्यंत ते करू नका. रवालीत पाठ ताठ राहते आणि ताठ पाठच तर आपल्याला सोडवायची आहे. सगळे मिळून तीस-चाळीस मिनिटांनी घोडी फुरफुरते, मान खाली लांबवते, शेपटी सैल सोडते. तिथून पुढे काय हवे ते मागा.

उरली ताकदीची गोष्ट. रात्रभर पागेत बांधलेली, दाणा भरपूर खाणारी, कामाला तासभर जाणारी घोडी थंड हवेत उडणारच. तिला रपेटीआधी अर्धा तास कुंपणाच्या आत मोकळी सोडा. लोळू द्या, पळू द्या, तिची ती ठरवते. लांब दोरीवर गोल फिरवायचे असेल तर साधी चाल आणि दुडकीच. दमवण्यासाठी गोलात पळवले तर गार स्नायू आणि सांधे दुखावतात, आणि आठवड्याभरात ती आणखी ताकदवान होऊन बसते.

एक धोका स्पष्ट सांगतो, कारण तो थंडीत आणि सुट्टीनंतर येतो. दोन दिवस घोडी बांधून राहिली, दाणा मात्र नेहमीचाच मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी गार सकाळी तिला एकदम पळवले, तर पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात. ती अचानक आखूड पावले टाकू लागते, घामाने डबडबते, पुठ्ठा हाताला कडक लागतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी तिथेच उतरा. घरापर्यंत चालवून नेऊ नका. एकेका पावलाने स्नायू अधिक फाटतो, आणि फाटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे द्रव्य मूत्रपिंड बिघडवते. अंगावर झूल टाका, पाणी द्या आणि डॉक्टरांना शेतावर बोलवा. हे टाळणे सोपे आहे: सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा, वैरण पूर्ण, आणि थोडे तरी हिंडवणे. रपेटीआधीच्या दीड-दोन तासांत दाणा नको. थोडा कडबा किंवा सुके गवत मात्र जरूर द्या. रिकाम्या पोटी पळताना जठरातले आम्ल वर उसळते.

तुमच्या स्वतःच्या कपड्यांचे सांगतो. आत घाम लवकर सुकणारा अंगाबरोबरचा शर्ट, वर पातळ लोकरी स्वेटर, त्यावर बिनबाह्यांचे वारा अडवणारे जाकीट. अर्ध्या तासात तुम्हाला उकडणार आहे, तेव्हा चेन उघडता आली पाहिजे. घोडीवर बसून डोक्यातून स्वेटर काढायला जाऊ नका. मफलर, शाल, लोंबणाऱ्या दोऱ्या नकोत. हेल्मेटच्या आत माकडटोपी घालू नका. तिच्या जाडीने हेल्मेट वर उचलले जाते आणि पडल्यावर सरकते. कानांसाठी पातळ पट्टी पुरे. लोकरी हातमोजे चामड्याच्या लगामावर घसरतात, तळव्याला पकड असलेले घ्या. बोटे बधिर झाली की माणूस नकळत मूठ आवळतो आणि त्याची शिक्षा घोडीच्या तोंडाला होते. जाड मोजे घालून बूट रिकिबीत घट्ट बसत असेल तर मोजे बदला. बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर पडताना पाय अडकतो. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट, धुक्याच्या दिवशी घोडीच्या मागच्या पायांनाही तशाच पट्ट्या. बसण्याआधी तुम्हीही पाच मिनिटे चाला, घोटे आणि कंबर मोकळी करा.

रपेटीनंतरचा अर्धा तास फार लोक उरकतात, आणि दाट केसांच्या घोडीसाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. शेवटची दहा-पंधरा मिनिटे साधी चाल, शेवटचा भाग उतरून, तंग सैल करून. जबड्याच्या आतल्या कडेला बोट ठेवून नाडी मोजा. स्वस्थ असताना ती मिनिटाला २८ ते ४४ असते. काम थांबवून दहा मिनिटे झाली तरी साठच्या वर असेल तर उद्याचे काम कमी करा. मग खोगीर उतरवून लगेच गोणपाटाने किंवा गवताच्या बोळ्याने केसांच्या उलट दिशेने घासा. पाठीवर सुक्या गवताचा थर पसरून त्यावर पातळ सुती झूल टाका. गवतातून हवा खेळते आणि घाम वाफ होऊन निघून जातो. वीस मिनिटांनी झूल काढा. पागेत नेण्याआधी कानांमागे, तंगाखाली आणि पुढच्या पायांच्या मधे हात घालून बघा. त्या जागा शेवटी सुकतात. पाइपने पाणी मारायचेच असेल तर फक्त पायांवर, तेही ऊन पडल्यावर. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो, म्हणून घामाघूम झाल्यावर पाणी आणि मीठ दोन्ही लागतात. तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये हा समज सोडा, थोडे थोडे करून लगेच पाजा.

घोडीला रोज घाम फुटावा इतके काम देणार असाल तर मान आणि पोटाखालचे केस यंत्राने काढण्याचा विचार करता येतो. तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

शेकोटी पागेत नको, पागेजवळही नको. कडब्याची गंजी आणि ठिणगी हे एक कारण. दुसरे म्हणजे घोड्याची फुप्फुसे धुराला फार नाजूक असतात. थंडी लागेल म्हणून पागेची खिडकी पोत्यांनी बंद करू नका. मुताचा अमोनिया कोंडतो आणि खोकला त्यातूनच येतो. खाली वारा अडवा, वर हवा वाहू द्या. कडबा धुळीचा असेल तर पाण्याचा हबका मारून द्या. मैदानावर धूळ उडत असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा.

पावसाळ्यानंतर जमीन टणक होते आणि खुरेही कोरडी पडतात. थंडीत खूर हळू वाढतो म्हणून नालबंदाला लोक उशिरा बोलावतात. सहा आठवड्यांच्या पुढे जाऊ देऊ नका, सैल नाल टणक जमिनीवर खुराचा काठ उखडतो.

संक्रांतीच्या आधी आणि नंतर आठवडाभर येवला, नाशिक, निफाड या भागात मोकळ्या रानात वेगाने जाऊ नका. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो झाडांवर, तारांवर, बांधावर अडकलेला असतो. भरधाव स्वाराच्या गळ्याच्या उंचीवर तो दिसत नाही. शिवाय अंगावर झेपावणारा पतंग शांत घोड्यालाही बुजवतो. त्या दिवसांत कुंपणाच्या आतच काम करा.

घोडी बाजारातून आली आहे, म्हणून आणखी एक काम रपेटीच्याही आधीचे. रोज सकाळी, खरारा करण्याआधी, थर्मामीटरने ताप बघा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे ठीक. त्याच्या वर असेल, जबड्याखाली गाठ आली असेल, नाकातून घट्ट शेंबूड येत असेल तर खोगीर नाही. बाजारात वेगवेगळ्या राज्यांतली जनावरे एका पाण्यावर येतात आणि संसर्ग तिथून घरी येतो. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा अहवाल विकणाऱ्याने दिला होता का ते पाहा. तो रोग माणसालाही होतो. अहवाल नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून रक्त तपासणीला पाठवा. निकाल येईपर्यंत घोडीची बादली, दाण्याचा तोबरा आणि खरारा तट्टाच्या सामानापासून वेगळे ठेवा, आणि दोघांचे काम करताना तट्टाचे आधी, घोडीचे नंतर करा.